फोटोत नसलेली खुर्ची

जुन्या आगगाडीचा जेवणाचा डबा पूर्वी होता तसा करायचा, म्हणून सात-आठ जणांनी आपले रविवार त्याच्या पायी वाहिले होते. पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे हट्ट सगळ्यांना परवडत होता. सगळ्यांत दांडगा हट्ट निवृत्त गार्डसाहेबांचा. डबा आतून कसा होता हे सांगणारा एकच फोटो उरला होता, आणि त्यावरून त्यांनी नियम केला होता: फोटोत आहे ते डब्यात, फोटोत नाही ते डब्याबाहेर.

फोटोतल्या खिडकीच्या काचेला तडा होता, म्हणून काचवाल्याने कोऱ्या करकरीत काचेला डोळे मिटून हातोडी लावली. तीन काचांचा भुगा झाल्यावर चौथीला मनासारखा तडा गेला. गाद्या आणि टेबलावरची कापडं शिवायचं काम ताईंकडे होतं. त्यांनी नव्या कापडावर बेतून चहाचा डाग पाडला. गार्डसाहेबांनी तो भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "ताई, डाग बोटभर डावीकडे सरकवा." डाग सरकवतात कसा, हे ताईंनी विचारलं नाही. मुकाट्याने दुसरं कापड घेतलं.

इथवर ठीक होतं. पण फोटोत चार नंबरच्या टेबलाशी एक माणूसही होता. झुपकेदार मिशा, ओठांशी नेलेला कप, नजर थेट समोर, आणि मिशांखाली दाबलेलं हसू.

ताईंचे यजमान पोस्टमास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. घरी विसरलेली कात्री द्यायला म्हणून ते डब्यात आले, आणि गार्डसाहेबांची नजर त्यांच्या मिशांवर पडली.

"मास्तर, जरा बसता का? माप घ्यायचंय."

मास्तर जे बसले ते बसलेच. आधी रविवारी, मग रोज दहा ते पाच. येत्या रविवारी डबा लोकांसाठी उघडणार होता, आणि त्यानंतर मास्तर कायम, असं ठरूनही गेलं होतं. ताईंना विचारलं कुणी नाही. दुपारचा चहा दोघांनी मिळून घ्यायचा, यासाठी त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली होती. निवृत्तीनंतर असे जेमतेम अठरा चहा झाले, आणि नवरा डब्यात गेला.

शनिवारी ताई त्या टेबलाच्या कापडाला टीप घालायच्या निमित्ताने खाली बसल्या.

"अहो, घरी चला ना."

"हलता येत नाही," मास्तर कपाआडून म्हणाले.

"असं काय आहे इथे?"

"चाळीस वर्षं खिडकीमागे बसलो. लोक माझ्या मागच्या घड्याळाकडे बघायचे. इथे सगळे माझ्याकडे बघतात."

"आणि मी काय भिंतीकडे बघत होते?"

"तू हातातल्या पिशवीकडे बघायचीस. भाजी आणली का म्हणून."

हे खरं होतं, म्हणून ताईंना जास्त लागलं. नवऱ्याला नीट बघावं म्हणून त्यांनी मान वर केली. समोर बसून बघितलं असतं, पण मास्तरांसमोर खुर्चीच नव्हती. सबंध डब्यात एकच खुर्ची असलेलं टेबल फक्त हेच होतं. दुसरी फोटोत दिसत नाही म्हणून गार्डसाहेबांनी ती शेडमध्ये टाकली होती.

ताईंनी फोटो मागवला. फोटोतला माणूस दिसतो तसा नवरा दिसावा म्हणून त्या उभ्या राहिल्या, वाकल्या, सरकल्या. शेवटी त्या मोकळ्या जागेत, गुडघे दुमडून, अधांतरी बसल्या, तेव्हा चित्र जुळलं.

"गार्डसाहेब," त्या तशाच अवस्थेत म्हणाल्या, "फोटो काढणारा कुठे होता?"

"तो फोटोत नाही."

"मग फोटो काय वाऱ्याने काढला? तो इथे बसला होता. खुर्ची त्याच्या बुडाखाली होती, ती दिसणार कशी?"

सुताराने करवत खाली ठेवली. "साहेब, ताईंचे पाय भरून येतील," तो म्हणाला आणि खुर्ची आणायला गेला.

गार्डसाहेब तत्त्वाचे पक्के. खुर्ची आली तर फोटो काढणाराही हवा, हे त्यांनीच सांगितलं. सुताराने कॅमेऱ्यासारखी दिसणारी लाकडी पेटी ठोकली, तिला मध्ये भोक पाडलं. रविवारी ताई ती डोळ्याला लावून नवऱ्यासमोर बसल्या. लोक रांगेने येत होते, वाहवा करत होते. मास्तर त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते. भोकातून एक डोळा मास्तरांकडे बघत होता, आणि तो पिशवीकडे नव्हता. दाबलेलं हसू त्यांना आजवर जमलं नव्हतं. आज ते आवरेना.

"फार बघू नकोस," ते पुटपुटले.

"कामच आहे माझं."

थोड्या वेळाने ताईंनी पेटी खाली ठेवली. मास्तरांनी कपातला चहा एका दमात प्यायला, किटली ओढली आणि दोघांसाठी चहा ओतला.

गार्डसाहेब धावत आले. "मास्तर, कप. अहो, फोटो."

"फोटो काढून झाला, गार्डसाहेब," ताई म्हणाल्या.

गार्डसाहेबांनी भिंग लावून फोटो उलटापालटा केला. फोटोनंतर काय झालं, ते त्यात कुठेच नव्हतं. मग तेही जवळच्या टेबलाशी टेकले आणि म्हणाले, "मला अर्धाच."