विजेची भट्टी आणि सासऱ्याचा कोयता

भागोजीची विजेची भट्टी झकास चालली आणि सासऱ्याने कोयता पास केला. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण साठ सालच्या त्या माघात तुडीलला वीज नव्हती, भागोजीकडे भट्टी नव्हती, आणि सासरा फक्त निरोपाने बोलत होता.

सासरा येसाजी, डोंगरावरच्या कुडपणचा. त्याच्या अबोल्याला भागोजीचे दोन कोयते कारण. भागोजी शेतकरी माणूस, पण गोठ्याच्या कोपऱ्यात भाता मांडून कोयते घडवायची भारी हौस. पहिला कोयता येसाजीच्या हातात ऐनाच्या फांदीवर पडवळासारखा वाकला. दुसऱ्याची चोच तुटून सोयऱ्याच्या ताकात पडली. आता राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायचे दिवस आले होते. निरोप आला, ‘तिसरा धाड. तोबी गेला तर म्हाडच्या लोहाराचा घेईन, आन जावय म्हणून त्यालाच धरीन.’

खोट आगीत होती. उघड्या निखाऱ्यांत चोच आधी तापे आणि पाठ मागे राही.

“दाजी, तुमाला विजेची भट्टी पायजे,” सुट्टीवर आलेला मेहुणा चांगू म्हणाला. तो मुंबईला कारखान्यात होता. “सगळीकडून सारखी तापते. आमच्याकडं दोन जुन्या काढल्यात. नेतो म्हटलं तर शेठ वरून चा पाजील.”

त्याने कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर दोन्ही काढून दाखवल्या. एक उभी, वर झाकण, विहिरीसारखी. दुसरी आडवी, पुढे दार, देव्हाऱ्यासारखी.

“झाकणाची बरी,” भागोजी म्हणाला. “कोयता टांगता येल.”

“आन आत पडला तर काढनार कोन?” त्याची बायको आवडी म्हणाली. “दाराची घ्या. मांजर तरी भायेर काढता येल.”

“मांजर आत जाईल कशाला गो?”

“ते मांजर ठरवंल. तुमी भट्टीचं ठरवा.”

ठरेना. तेव्हा रीतसर ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या उजव्या अंगाचं फूल पडलं, म्हणजे दाराची. गुरवाने विचारलं, “आनखी काय इचारायचं हाय?”

“नाय,” भागोजी म्हणाला.

गावात वीज कधी येणार, हे विचारायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं. न विचारलेल्या प्रश्नाला देवी बांधील नाही, असं गुरवाने नंतर सांगितलं.

चांगूसोबत भट्टी मुंबईहून मचव्यातून सावित्री नदीच्या काठी उतरली आणि बैलगाडीने गोठ्यात आली. बैलांनी तिच्याकडे पाठ केली. चांगू वायरचं टोक हातात धरून उभा राहिला.

“दाजी, हे कुठं लावू?”

सगळ्यांनी आढ्याकडे पाहिलं. तिथे एक सूप होतं. सर्वांत जवळची वीज महाडात, आणि वायर बैलाच्या दाव्याएवढी.

“म्हाड जरा हिकडं सरकंल का बगा,” आवडी म्हणाली, आणि भट्टीतली वेटोळ्यांची तार काढून तिने कारल्याच्या वेलाला दिली.

भागोजी भट्टीपुढे बसून राहिला. मग त्याने आत हात घातला. चहूकडून जाड विटा, घट्ट दार, मागे वायरचं भोक. भोकात भात्याची नळी अशी बसली, जसं काही मुंबईत कुणीतरी भात्याचं माप घेऊनच ते पाडलं होतं. त्याने आत कोळसा भरला, दार लावलं आणि भाता मारला. कोयता चोचीपासून पाठीपर्यंत एकसारखा लाल निघाला. त्याला पाणी दिलं, पुन्हा मंद शेकला, आणि भागोजी स्वतः तो घेऊन कुडपण चढला.

येसाजीने ऐनाची फांदी तोडली. धार बघितली. दुसरी तोडली. मग शेजाऱ्याच्या झाडाची एक, नको असलेली, तोडली. कोयता कमरेच्या आकडीत अडकवला आणि कितीतरी महिन्यांनी जावयाशी तोंडाने बोलला.

“वीज चांगली हाय तुजी.”

“हाय,” भागोजी म्हणाला.

मग सगळ्या कुडपणलाच विजेचा कोयता हवासा झाला आणि तुडीलचा कोळसा संपला. तेव्हा चांगूने दाजींच्या वतीने वीज कचेरीला अर्ज लिहिला: ‘सदर भट्टी विजेची असून वीज नसल्याकारणे खोळंबा होत आहे. तरी वीज येईतोवर, मेहेरबान साहेबांनी विजेच्या बदली दरमहा दोन पोती कोळसा मौजे तुडील येथे सोडण्याची तजवीज करावी. खांबांची आवश्यकता नाही.’