बाजार जयाबाईनं करायचा

पिरनवाडीहून बेळगावच्या बाजाराला जाऊन यायचं, तर मष्णूआप्पाचे चाळीस रुपये तिकिटात जात. त्याच्या बायकोचं, जयाबाईचं काहीच जात नसे. कर्नाटकात सरकारी बस बायकांना फुकट. तेव्हा आप्पानं ठरवलं, यापुढं बाजार तिनंच करायचा.

जयाबाईला बस आवडली. भाजी घेऊन ती अनगोळच्या बहिणीकडं जाऊ लागली, आणि परवा तर थेट जांबोटीला, माहेरी. संध्याकाळी आप्पाचा फोन गेला.

"कुठं हाईस गं? म्हैस अंगाला हात लावू देईना. रतिबाची माणसं दारात उभी हाईत."

"शेवटची बस गेली. आता उद्याच येतो."

"आणि दूध?"

"माझी साडी नेसून बसा खाली. तिला वासाशी मतलब."

"लोक बघत्यात गं."

"मग रतीब सोडा. बघा परवडतंय का."

परवडत नव्हतं. आप्पा हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसला. म्हशीनं हुंगलं आणि निमूट पान्हा सोडला. लोकांनी दूध घेतलं, दोघांनी फोटोही घेतले.

जयाबाईचं जाण्यायेण्याचं भाडं सरकारनं भरलं. बाकीचं आप्पानं.