रक्ताच्या वड्या

पिंजारी अंगणात शिरला तेव्हाच सुयुनला तो खटकला. ऐन गव्हाच्या कापणीत रजया पिंजून घेतंय कोण? चीनच्या होनान प्रांतातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पिंजारी यायचा तो थंडीच्या तोंडावर.

"वहिनी," खांद्यावरची धनुकली उतरवत तो हळूच म्हणाला, "तुमच्या मालकांचा निरोप आणलाय. छिंगहाईच्या कैदी-छावणीत एकत्र होतो आम्ही."

लोकांना चोरून येशूची प्रार्थना शिकवतो म्हणून सुयुनच्या नवऱ्याला, एन्क्वांगला, धरून नेलं, त्याला वर्षं लोटली. तो जिवंत आहे की मेला, एवढंही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण मागच्या साली पलीकडच्या गावात असाच एक 'बंधू' आला होता. प्रार्थनेला बसला, डोळे पुसले, आणि आठवड्याच्या आत सगळी मंडळी गजाआड गेली. मेला काय रडला होता म्हणे!

"मला नवरा नाही," ती म्हणाली. "त्या देशद्रोह्याशी माझा संबंध संपला. दमलेले दिसता, जेवून जा."

शेजारी सकाळीच डुक्कर कापलं होतं. सुयुन तिथून गोठलेल्या रक्ताचा वाडगा घेऊन आली आणि वड्या पाडायला लागली. पिंजारी बाहेर अंगणात टेकला होता; आत चुलीपाशी बसलेल्या सासूने वास ओळखला आणि ती कुजबुजली.

"सुने, डोकं फिरलं का तुझं? ह्या चुलीवर रक्त? माझ्या सासूच्या काळापासून कुणी शिवलं नाही त्याला!"

"म्हणूनच शिजवतेय. आपल्यातला असेल तर तोंडात घालणार नाही. खाल्लं, तर सरकारी कुत्रा."

"आणि खरंच माझ्या पोराचा निरोप असला तर?"

"तर नाही खायचा! गप्प बसा हो आई."

रक्त खायचं नाही, हे बायबलातलं वचन तिथल्या विश्वासणाऱ्यांनी घट्ट धरलं होतं. शास्त्राची पुस्तकं जाळली गेली, प्रार्थनेच्या देवळाचं कोठार झालं. पण पोटात काय जातं ते कोण तपासणार? तेवढं एक त्यांच्या हातात उरलं होतं.

वाडगा समोर आला तसा पिंजारी थबकला. त्याने एकदा वड्यांकडे पाहिलं, एकदा सुयुनकडे. मग जेवायच्या काड्या उचलल्या आणि एकेक वडी अख्खीच गिळत वाडगा रिकामा केला.

"झकास झालंय, वहिनी."

सुयुनला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. "पिंजायला काही नाही आमच्याकडे. निघा." तोही निमूटपणे निघाला. निरोपाचं पुन्हा नावसुद्धा काढलं नाही.

खरकटं पाणी टाकायला ती घरामागे गेली. भिंतीच्या कडेला मातीत वड्या पडल्या होत्या, घशात बोटं घालून ओकलेल्या. शेवटच्या वडीपर्यंत सगळ्या. तिच्या हातातलं भांडं गळून पडलं.

ती धावत सुटली. पिंजारी गव्हामधल्या बांधावरून चालला होता. मागे पावलं वाजताच त्याने वेग वाढवला. दोन्हीकडे गावची अख्खी कामकरी तुकडी कापणीला वाकली होती. काय म्हणून हाक मारायची? नाव ठाऊक नाही, आणि आता ह्या बाईच्या कुठल्या शब्दावर तो विश्वास ठेवील?

"इम्मानुएल!" ती ओरडली. म्हणजे देव आपल्याजवळ आहे. विश्वासणाऱ्यांचा हा आपसातला नमस्कार आजवर तिने बंद दाराआड कुजबुजला होता, तोही जवळच्याच माणसाशी. विळे थांबले, माना वर झाल्या.

तो थांबला. वळला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"एन्क्वांगनेच बजावलं होतं," तो म्हणाला. "'माझ्या घरात रक्त शिजणार नाही. शिजलेलं दिसलं तर समज बायको फुटली. खा, आणि काही न बोलता निघ.'"

"जिवंत आहेत?"

"आहे. केस गेलेत सगळे. गातो मात्र अजून, आणि बेसूरच."

सुयुन रडता रडता हसली. तुकडीचा पुढारी शिट्टी फुंकत बांधावर चढत होता.

"जाताना माझ्या सासूला, पोरगा जिवंत आहे एवढंच सांगा," ती म्हणाली, "आणि गावाबाहेर पडा."

मग ती वळली आणि त्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून आपल्या पायांनी शिट्टीच्या दिशेने चालू लागली.