घंटेची दोरी वर बांधली तेव्हा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्हाला देऊळ आठवतं, नाहीतर शाळा. मी या दोन्हीतली नाही. मी आहे एक जुनी पितळी घंटा, आणि भंडाऱ्यातल्या 'सुखनिवास' सोसायटीच्या फाटकावर लटकते. नावातलं सुख कुठे गेलं, असं विचारू नका. नाही, विचाराच! तेच सांगायला तर लटकले आहे.

माझा जन्म इथलाच, भंडाऱ्याच्या एका पितळी भांड्यांच्या गल्लीतला. भट्टीत वितळले, साच्यात ओतले गेले, कानशीनं घासून घासून गुळगुळीत झाले. जवळच्या कोंढा गावातल्या एका देवळासाठी माझी ऑर्डर होती. पण ओतताना माझ्या कडेला केसाएवढी चीर राहिली आणि आवाज थोडा घोगरा निघाला. देवळाचे लोक आले, त्यांनी मला एकदा वाजवलं, एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरी घेऊन गेले. मी दुकानात टमरेलांच्या शेजारी धूळ खात पडले. काय सांगू, टमरेलांनासुद्धा गिऱ्हाईक मिळत होतं!

मग एक दिवस खाकी कपड्यांतले आनंदराव दुकानात आले. ते एसटीत कंडक्टर होते. त्यांनी मला वाजवलं आणि हसले.

"हिचा आवाज कसा जी, सर्दी झाल्यावानी?"

"म्हणून तं सस्ती आहे," दुकानदार म्हणाला.

"असू द्या. मले आरतीले नाई पाह्यजे. भांडणाले पाह्यजे."

ऐकलंत? माझा जन्मच भांडणासाठी कामी आला!

त्याचं असं झालं होतं. सुखनिवास नवीन होती. तीन मजले, लिफ्ट नाही, दारात तीन पायऱ्या. आनंदराव पहिले सचिव. आणि सगळ्यांच्या तक्रारी त्यांच्याकडे जिन्यात, हळू आवाजात यायच्या. हा त्याच्याबद्दल सांगायचा, तो याच्याबद्दल. समोरासमोर मात्र सगळे गोड. आनंदरावांचं डोकं पिकलं. शेवटी त्यांनी आपल्या बसमधला उपाय इथे आणला. बसमध्ये कंडक्टर दोरी एकदा ओढतो तेव्हा ड्रायव्हर गाडी थांबवतो, आणि दोनदा ओढतो तेव्हा गाडी सुटते. बस्स! त्यांनी मला फाटकाच्या कमानीला टांगलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ज्याची तक्रार, त्यानं आपल्या हातानं दोरी एकदा ओढायची. ज्याच्याबद्दल आहे त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. तो खाली आल्याबिगर एक शब्द बोलायचा नाही. मिटलं, का खाली आलेल्यानंच दोनदा वाजवायचं. मंग आपापल्या घरी."

मित्रांनो, काय दिवस होते ते! एकदा पहिल्या मजल्यावरच्या चंद्रकांताबाईंनी मला असं ओढलं की माझा लोलक गरगरला.

"भुपेंद्र! ये खाली, ये!"

दुसऱ्या मजल्यावरचा भुपेंद्र बनियनवर, खांद्यावर दुपट्टा टाकून खाली आला. "काय झालं जी काकू?"

"काय झालं म्हणते! तुझा कूलर माझ्या पापडांवर पाणी टाकून राहिला."

"माझ्या कूलरले काय मालूम, खाली तुमचे पापड आहेत म्हणून?"

"कूलरले नाई मालूम, पण तुले तं डोळे आहेत न?"

गॅलऱ्यांमधून सगळे हसले. भुपेंद्रही हसला. आनंदराव फाटकाला टेकून नुसते उभे. ते फारसं बोलायचेच नाहीत. शेवटी भुपेंद्रच म्हणाला, की कूलरला नळी लावून पाणी नालीत सोडतो, आणि तोवर काकूंनी पापड गच्चीवर वाळवावे. मग त्यानं मला दोनदा वाजवलं. टण टण! संध्याकाळी चंद्रकांताबाईंनी त्याच्या घरी तळलेले पापड पाठवले.

जिन्याखाली स्कूटर ठेवायची की नाही, सांडगी मिरच्या तळताना खिडकी उघडी ठेवायची की बंद (दोन्हीकडून खोकला!), सगळे प्रश्न माझ्याखाली सुटले. आनंदरावांची बायको मालनबाई दिवाळीला मला चिंचेनं घासायची. तेव्हा मी अशी चमकायची की शेजारच्या सोसायटीचे लोक बघायला यायचे. आणि देवळानं नाकारलेलीला आणखी काय हवं?

मग आनंदरावांना साखरेच्या आजारानं गाठलं. पायाची जखम बरी होईना. शेवटी गुडघ्याखालून पाय काढला. ते चाकाच्या खुर्चीत बसून तळमजल्यावरच्या घराकडे आले आणि त्या तीन पायऱ्यांपाशी अडले.

मालनबाईनं घरोघरी विचारलं. "पायऱ्यांच्या बाजूनं सिमेंटचा उतार करतो, चालन का?"

"करा न काकू, विचारता कायले?" भुपेंद्र म्हणाला. तोच आता सचिव झाला होता.

"ह्या गोष्टीले कोण नाई म्हणन?" चंद्रकांताबाई म्हणाल्या.

उतार झाला. रोज संध्याकाळी आनंदराव त्यावरून खुर्ची सोडत सुर्रकन खाली यायचे आणि माझ्याखाली येऊन बसायचे. समोरच्या रस्त्यानं एसटी जायची. एखादा ओळखीचा कंडक्टर दारातून हात करायचा. तेवढ्यासाठी ते दुपारपासून केस विंचरून तयार असायचे. तो उतार म्हणजे त्यांचं घराबाहेरचं सगळं जग होतं. हे मी वरून रोज पाहत होते.

याच सुमारास पोरांना माझा नाद लागला. शाळेतून आलं की टण, खेळताना टण. मोठ्यांची दुपारची झोप मोडायची. मग भुपेंद्रनं स्टूल आणलं आणि माझी दोरी वर गुंडाळून बांधून टाकली.

"आता मोठ्या माणसाचाच हात पुरते. काय काकाजी, बरं केलं न?"

"बरं केलं," खाली बसलेले आनंदरावही म्हणाले. "लई तरास देत होते लेकरं."

मोठा माणूस म्हणजे उभा माणूस, असं त्या दिवशी सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं. बसलेल्या माणसानंसुद्धा!

तसंही मला कोण विचारत होतं? भुपेंद्रनं मोबाईलवर सोसायटीचा ग्रुप काढला होता. आता तक्रार करायला खाली यायला नको, नाव घ्यायला नको, समोरच्याचं तोंड बघायला नको. पलंगावर पडल्यापडल्या अंगठ्यानं भांडता येतं. सोय किती! आनंदराव आणि मालनबाईंकडे बटणांचा साधा फोन. ते ग्रुपमध्ये नव्हते. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पावसाळ्यात चंद्रकांताबाई त्या ओल्या उतारावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मित्रांनो, त्यांची तक्रार खोटी नव्हती. सिमेंट फारच गुळगुळीत होतं. जुन्या दिवसांत त्यांनी धडक्या हातानं मला ओढलं असतं, "आनंदराव, या बाहेर!" म्हणून ओरडल्या असत्या, आणि आनंदराव म्हणाले असते, "चुकलं जी बाई, उद्याच खरबरीत करून घेतो, कडेले दांडाही लावतो." टण टण, संपलं! तेवढीच तर गोष्ट होती.

पण त्यांनी ग्रुपवर लिहिलं. मग कुणी लिहिलं की सामाईक जागेत बांधकाम करता येतं का? कुणी लिहिलं की आज उतार, उद्या खोली बांधतील. कुणी नुसताच अंगठा दाखवला. भुपेंद्रनं छापील नियम वाचले आणि एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर मीटिंग ठेवली. गच्चीवर! तीन जिने चढून! आनंदरावांना सांगितलं का, असं प्रत्येकानं मनात विचारलं, आणि दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकानं स्वतःलाच उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी आनंदराव नेहमीसारखे माझ्याखाली बसले होते. वरून चहाच्या कपांचा आवाज येत होता, हसणं येत होतं. चंद्रकांताबाईंची नात गुड्डी दोरीच्या उड्या मारत होती.

"गुड्डे, वर काय चालू आहे वं?"

"मीटिंग आहे, आबाजी. तुमच्या उताराची."

आनंदरावांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खुर्ची मागेपुढे करून बरोबर माझ्याखाली आणली. एक हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला आणि दुसरा वर केला. बोटं ताणली. दोरीचं टोक त्यांच्या बोटांपासून हातभर वर लोंबत होतं. मित्रांनो, मला हलता येत असतं तर मी कमानीतून निखळून त्यांच्या मांडीवर पडले असते!

मालनबाई धावत आली. "थांबा, मी वाजवून देतो."

"नोको."

"काहून नोको? वर तुमच्या नावानं कारभार करून राहिले ते!"

"ज्याची तक्रार त्याचाच हात. मीच ठरवलं होतं न? माझा हात पुरन तवा मी वाजवीन."

"अन् नाई पुरला तं?"

आनंदरावांनी वर केलेला हात खाली घेतला. नियम पाळणारा या सोसायटीत तेवढा एकच माणूस उरला होता, आणि नेमका त्याचाच हात पुरत नव्हता. मला रडू आलं नाही, गच्चीवरच्यांचा राग आला. आनंदरावांचाही आला! बायकोचा हात स्वतःचाच नसतो का?

गच्चीवर उतार फोडायचं ठरलं. मालनबाई दुसऱ्या दिवशी भुपेंद्रकडे गेली.

"काकू, माझ्या मनात काही नाही जी," तो खाली मान घालून म्हणाला. "पण नियम सगळ्यांले सारखा."

"सारखाच आहे न बाप्पा. तुम्ही पायऱ्या चढता, तो नियमही चढते. आमचेच मालक खाली राह्यले."

तिच्या या बोलण्यावर ग्रुपमध्ये काही आलं नाही. येणार कसं? ती ग्रुपमध्ये नव्हती.

जखमेच्या पट्टीसाठी आनंदराव दवाखान्यात गेले, त्याच सकाळी उतार फोडला. त्यांच्या डोळ्यांदेखत नको म्हणून हं! केवढी ही दया! दुपारी ते ऑटोनं परतले. पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचे तुकडे आणि ओली माती होती. ऑटोवाल्यानं आणि मालनबाईनं त्यांना पोत्यासारखं उचलून आत नेलं. त्यानंतर ते माझ्याखाली आले नाहीत. एसटी जायची. एक कंडक्टर काही दिवस रिकाम्या जागेकडे बघून हात करायचा. मग त्यानंही सोडलं.

थंडी सुरू झाली तेव्हा फाटकात टेम्पो लागला. आनंदरावांच्या भावाचं कोंढ्याला घर होतं, सपाट अंगणाचं. दवाखाना तिथून लांब, पण दारात पायरी नव्हती. सामान चढलं. शेवटी ड्रायव्हरनं आनंदरावांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि टेम्पो हळूहळू फाटकाबाहेर काढायला लागला. कमानीखाली आल्यावर आनंदराव म्हणाले, "थांब थोडा."

टेम्पोची सीट उंच होती, मित्रांनो. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, वर केला, आणि माझी दोरी त्यांच्या मुठीत आली.

टण!

किती दिवसांनी वाजले मी! घोगरी, पण पूर्ण ताकदीनं. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. भुपेंद्र बाहेर आला. चंद्रकांताबाई आल्या, मनगटाला अजून पट्टा बांधलेला. आनंदरावांनी दोरी धरून ठेवली आणि एकेका गॅलरीकडे पाहिलं. नाव मात्र कुणाचंच घेतलं नाही.

"कोणाले बोलवून राहिले?" कुणीतरी हळूच विचारलं.

"माझं नाव तं नाई घेतलं," भुपेंद्र म्हणाला.

"माझंही नाई," चंद्रकांताबाई म्हणाल्या, आणि एक पाऊल मागे सरकल्या.

प्रत्येकानं वाट पाहिली. दुसऱ्यानं खाली उतरावं म्हणून! जिन्यात एकही पाऊल वाजलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, चलाचं काय जी?"

खाली येणाऱ्यानंच दोनदा वाजवायचं, असा नियम होता. कुणी आलंच नाही. मग आनंदरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा, आपलाच नियम मोडला. त्यांनी स्वतःच दोरी दोनदा ओढली, जशी ते बसमध्ये ओढायचे, सगळे चढले का ते बघून.

टण टण.

टेम्पो गेला.

आता मी काळवंडले आहे. चिंचेनं घासणारं कुणी नाही. माझ्या खांबावर छापील कागद चिकटवला आहे: 'घंटा वाजवू नये.' परवा चंद्रकांताबाई त्या तीन पायऱ्या चढताना गुडघा धरून थांबल्या आणि बाजूच्या फोडलेल्या जागेकडे पाहून म्हणाल्या, "इथं उतार होता तेच बरं होतं." कुणाला म्हणाल्या कोण जाणे. मीच तेवढी ऐकत होते.

मित्रांनो, मला चमकवू नका, हार घालू नका, तो कागदही हवं तर राहू द्या. फक्त माझी दोरी खाली सोडा. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली. पोरं वाजवतील, झोप मोडेल, मोडू द्या. आणि तुमच्याही फाटकावर कधी घंटा एकदाच वाजली, तर नाव कुणाचं घेतलं ते गॅलरीत उभं राहून ऐकत बसू नका.

आधी खाली या.