जनरेटरचे अश्रू

"रडला! रडला! आजही रडला!"

पुढच्या रांगेतून आरोळी उठली आणि मागच्यांनी टाचा उंचावल्या. घर आणि मशरूमची शेड यांच्या मधल्या अरुंद अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पत्र्याच्या छपराखाली तो हिरवा जनरेटर बसल्या हत्तीसारखा धडधडत होता. इंजिनाला हवा जाते त्या जाळीवर हारांवर हार. डिझेलच्या टाकीवर, हो, टाकीवरच, पेटलेली उदबत्ती! आणि धुराच्या नळीच्या सांध्यातून एक काळाकुट्ट, चिकट थेंब लोंबकळला, थरथरला आणि खाली ठेवलेल्या चकचकीत वाटीत टपकन पडला.

"पाहा लेकरांनो, पाहा!" आसनावरून अश्रूमहाराज गरजले. "माणसाच्या काळजाचं लोखंड झालं, म्हणून लोखंडाला काळीज फुटलं! घरातल्या माउलीचा श्वास कोंडतो, म्हणून हे यंत्र रडतंय! हे अश्रू छातीला लावा, छाती मोकळी. गुडघ्याला लावा, गुडघा मोकळा. दोन थेंब पोटात घ्या, पोट मोकळं!"

"आणि पेटीपाशी आलात की खिसा मोकळा," स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली थोरली दातओठ खात म्हणाली.

थोरली म्हणजे या घराची मोठी सून. नवरा दूरच्या नोकरीवर. मागची शेड तिची, शेडमधली मशरूम तिची आणि आतल्या खोलीत नाकाला नळी लावून पडलेल्या सासूची जबाबदारीही तिचीच. सासूची फुप्फुसं थकली होती. उशाशी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र गुरगुरायचं, ते विजेवर चालायचं. वीज गेली तर जनरेटर, आणि जनरेटरही गेला तर कोपऱ्यातलं एकुलतं सिलिंडर. एवढ्याच तीन धाग्यांना म्हातारीचा जीव टांगलेला होता.

म्हणून थोरली त्या जनरेटरला लेकरासारखं जपायची. दर आठवड्याला तेलाची पट्टी ओढून पाहायची, फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी काढायची, बॅटरीची टोकं घासायची. आणि मग शेडचे पंखे, कूलर आणि भुसा वाफवायचा मोठा बॉयलर, सगळा लोड त्याच्यावर टाकून तासभर पळवायची. तो तेव्हा घामाघूम व्हायचा, पण रडला कधीच नाही.

मग तिची स्वतःची आई आजारी पडली आणि ती काही आठवडे माहेरी गेली. जाताना धाकट्या दिराला सगळं दोनदोनदा सांगून गेली. धाकटा मनाचा चांगला, पण हाडाचा आळशी. 'कशाला उगाच डिझेल जाळायचं?' म्हणून तो जनरेटर नुसता सुरू करायचा, लोड न देता तसाच धडधडू द्यायचा आणि थोड्या वेळानं बंद करायचा. एके दिवशी नळीतून काळं तेल ओघळलं. घाबरून त्यानं मेकॅनिकला बोलवायचं, तर बोलावलं कुणाला? बाजारात नव्यानंच बस्तान मांडलेल्या या भगव्या गोणीला!

महाराजांनी थेंब बोटावर घेतला, हुंगला, डोळे मिटले आणि तीन आज्ञा सोडल्या. यंत्र सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेच्या वेळी चालवायचं. त्याच्यावर शेडचं ओझं टाकायचं नाही, कारण दुःखी जिवाला ओझं देऊ नये. आणि कुणीही त्याला पाना लावायचा नाही. वर एक वाक्य असं सोडलं की घरादाराच्या पायांत खिळे ठोकले गेले.

"ज्या दिवशी हे अश्रू आटतील, त्या दिवशी माउलीचा श्वास आटेल."

थोरली परतली तेव्हा अंगणाची जत्रा झाली होती. तिनं तडक पाना उचलला. धाकटा आडवा आला.

"वहिनी, पाया पडतो. हात लावू नकोस."

"अहो भाऊजी, ते डिझेल आहे! वासावरूनही कळत नाही का?"

"आणि महाराजांचं खरं निघालं तर? तू सून आहेस, वहिनी. मी पोटचा आहे. आईला मारायचंय का तुला?"

या एका प्रश्नापुढं तिचा पाना खाली आला. संतापानं कान तापले होते, पण हात खाली आला. माणूस असाच अडकतो. खोटं आहे हे डोक्याला कळतं, पण 'निघालंच खरं तर' हा किडा काळजात वळवळत राहतो. भोंदूंची सगळी दुकानं त्या किड्याच्या जिवावर चालतात.

आणि एके संध्याकाळी, प्रार्थनेची गर्दी जमत असतानाच, वीज गेली.

जनरेटर सुरू झाला, त्यानं पांढरा धूर ओकला, दोन आचके दिले आणि घराचा लोड अंगावर येताच गुदमरून बंद पडला. आतल्या मशीनची गुरगुर थांबली. थोरली धावली. सासूचे ओठ निळे पडत होते, बोटं चादर ओरबाडत होती. सिलिंडरची चावी एकदा सटकली, दुसऱ्यांदा फिरली, हवा सुटली. आणि त्याच वेळी बाहेरून, खिडकीच्या अगदी पलीकडून, जयघोष आला, "आज अश्रू दुप्पट! महाराज की जय!"

आत बाई मरत होती आणि बाहेर तिच्याच नावानं जय चालला होता.

वीज परतली. बऱ्याच वेळानं सासूच्या ओठांवर रंग आला. थोरली तिच्या उशाशी बसली. 

"आई, तुम्ही नुसतं ऐकून घेताय. तुम्हाला काय वाटतं? खरंच भीती वाटते का त्या वाक्याची?"

सासू हसली. या बाईचा जन्म भजनात गेलेला. नाकातल्या नळीसकट ती अजूनही पहाटे देवाची गाणी गुणगुणायची, एका ओळीला दोनदा थांबून.

"बाळा, आयुष्यभर भजन-निरूपण ऐकलं गं मी," ती श्वास गोळा करत म्हणाली. "देव चराचरात आहे, ऐकलं. देव भक्ताच्या घरी राबतो, तेही ऐकलं. पण देव लेकरांना डिझेल पाजतो, असं एकाही शहाण्यानं गायलेलं नाही ऐकलं." ती थांबली, दम घेतला. "माझ्या श्वासाचा धनी वर आहे. त्या सायलेन्सरात नाही. माझ्या देवाच्या नावावर हा मेला डिझेलच्या बाटल्या भरून देतोय, त्याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आहे. उद्या लोड दे. आणि माझं मशीन त्याच जनरेटरवर लाव."

"आई!"

"सिलिंडर ठेव की उशाशी. मी भाविक आहे, खुळी नाही."

दुसऱ्या दिवशी, गर्दी जमण्याआधी, थोरलीनं टाकीवरची उदबत्ती फेकली, जाळीवरचे हार उपसले, दोन्ही फिल्टर बदलले, शेडची तार पुन्हा जोडली, सासूचं मशीनही त्याच्यावर घेतलं. सासूचा पलंग बंद खिडकीशी ओढला, म्हणजे काचेतून सगळ्यांना ती दिसावी आणि धूर आत जाऊ नये. सिलिंडर उशाशी, त्याच्या चावीवर शेजारच्या नर्सबाईंचा हात.

महाराज आले ते थेट आपल्या आसनावर, नळीपासून हातभर अंतरावर.

"हार कुणी काढले?"

"मी," थोरली म्हणाली. "त्याचा श्वास कोंडत होता."

हशा पिकला. महाराजांना हसू आलं नाही. जनरेटर सुरू झाला. पहिला थेंब वाटीत पडला, जयजयकार झाला. थोरलीनं भिंतीवरच्या विजेच्या पेटीतला पहिला स्विच वर केला.

शेडचे दिवे लागले. मग पंखे. मग कूलर. इंजिनाचा आवाज बदलला, पोटातून यायला लागला. नळीतून काळाभोर धूर उसळला आणि थेंबांची धार झाली.

"कोप!" महाराज ताडकन उठले. "कोप झाला! बंद कर, बाई! माउलीचा श्वास जाईल!"

लोक मागे सरले. कुणी रडायला लागलं. धाकटा झेपावला आणि त्यानं थोरलीचं मनगट धरलं. "वहिनी, नको!"

काचेवर टकटक झाली. आत म्हातारी बोटाच्या पेरानं काच वाजवत होती. आवाज बाहेर येत नव्हता, पण ओठ सगळ्यांना वाचता आले. *सोड तिला.*

धाकट्याचा हात गळून पडला. थोरलीचं बोट बॉयलरच्या स्विचवर गेलं. सगळ्यांत मोठा लोड तोच. महाराजांनी एकदा त्या बोटाकडे पाहिलं, एकदा शेजारच्या नळीकडे, आणि त्यांच्या तोंडून तपश्चर्येऐवजी भलतंच काही बाहेर पडलं.

"अगं ए, वेडी का खुळी! एकदम लोड टाकू नको! सायलेन्सरमध्ये कच्चं डिझेल साचलंय, ठिणग्या उडतील माझ्या अंगावर! गरम होऊ दे आधी, हळूहळू वाढव!"

अंगणात आता फक्त इंजिन बोलत होतं.

थोरलीनं बोट काढलं आणि सावकाश वळली.

"काय म्हणालात महाराज? कच्चं डिझेल? काल तर अश्रू होते."

महाराजांनी उपरणं सावरलं.

"लोड हळूहळू वाढवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच एकेक स्विच लावतेय. पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला... ध्यानात दिसलं."

"ध्यानात?" कोपऱ्यावरची गिरणीवाली पुढं आली. रोज रांगेत पहिली असायची ती. "तुम्ही तर म्हणायचात, गुहेत तपाला बसलो होतो. गुहेत सायलेन्सर होता का हो?"

आता हशा पिकला तो वेगळा होता. त्याला दात होते. चौफेर सरबत्ती सुरू झाली तेव्हा महाराजांच्या तोंडून निसटलंच की मंडपांना भाड्यानं द्यायचे जनरेटर चालवण्यात त्यांची उमर गेली. रिकामा धडधडणारा जनरेटर काळं तेल गाळतो, हे त्यांना थोरलीइतकंच पक्कं माहीत होतं. म्हणून तर 'ओझं टाकू नका'! ओझं टाकलं की चमत्कार बंद.

थोरलीनं आवाज चढवला. "नीट ऐका सगळे. एवढं मोठं इंजिन बिनकामाचं चालवलं, की ते आतून पुरतं तापत नाही. चुलीत लाकूड धुमसतं, तसं डिझेल धुमसतं. अर्धं जळतं, अर्धं काजळीत कालवून नळीतून ओघळतं. तेच हे अश्रू. ते जास्त यावेत म्हणून आपण रोज दोनदा तो रिकामा चालवला. आत काजळीचे थर बसले, आणि काल आईला श्वास हवा होता तेव्हा तो दोन आचक्यांत मेला. आता तो नीट तापेल आणि हे सगळं जाळून टाकेल. थांबा आणि पाहा."

लोक थांबले. इंजिन रसरसून तापल्यावर तिनं बॉयलर लावला. नळीतून काही ठिणग्या उडाल्या. महाराज तोवर आसन सोडून भिंतीला चिकटले होते. काळा धूर करडा झाला, करड्याचा विरळ झाला आणि तासाभरात डोळ्यांना दिसेनासा झाला. धारेचे थेंब झाले, थेंबांचा ओलावा झाला. मग सांधा कोरडा पडला. तिनं वाटी पुसून खाली ठेवली. वाटी कोरडीच राहिली.

अश्रू आटले होते.

आणि मग एकेक करत सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. धाकटा काचेशी धावला. काचेमागं म्हातारी डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून निश्चल पडली होती.

"आई..." त्यानं काचेवर हात आपटला. "आई!"

म्हातारीनं एक डोळा उघडला. नर्सबाईंनी खिडकी बोटभर सरकवली.

"ओरडतोस कशाला? जिवंत आहे रे, गाढवा," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी बाहेरचा गोंगाट थांबला. जरा डोळा लागला होता."

धाकटा खिडकीखाली मटकन बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. इकडं चार जण बाह्या सरसावून महाराजांकडे निघाले.

"हात लावायचा नाही!" थोरली कडाडली. "मी पोलिसांना बोलावलंय, ते येतील, त्यांच्या हवाली करा. त्याला मारून आपण शहाणे ठरत नाही. पेटी भरली कुणी? टाकीवर उदबत्ती लावली कुणी? हा एकटाच होता, आपण शंभर होतो! आणि आता आधी घरी पळा. अंगाला लावलं असेल त्यांनी साबणानं धुवा. कुणी पोटात घेतलं असेल, कुणाला पाजलं असेल, त्यांनी आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा."

गिरणीवालीचा चेहरा पांढराफटक पडला. मघाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"माझ्या नातवाला," ती पुटपुटली, "खोकला होता म्हणून... कालच्या बाटलीतले... आज सकाळीच..."

वाक्य पुरं न करता ती गर्दी फोडत धावत सुटली. मागं कुणालाही हसू आलं नाही. पोराला डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं. वाचलं. पण ते वाचलं म्हणून राग विसरायचा का? सगळीच पोरं वाचत नाहीत.

अंगण रिकामं झालं तेव्हा धाकटा चिंधी घेऊन जनरेटरपाशी आला.

"वहिनी, मी आईसाठीच केलं गं."

"माहीत आहे," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "काल तिच्या ओठांचा रंग तुम्ही पाहिला नाहीत, भाऊजी. तुम्ही बाहेर जय म्हणत होतात."

तो हळूच म्हणाला, "तेल कसं बघायचं, ते पुन्हा सांग. या वेळी ऐकतो."

"आधी जाळीत अडकलेल्या पाकळ्या काढा. एकेक."

तो खाली बसला आणि काढू लागला. आत म्हातारीनं गाणं धरलं होतं, एका ओळीला दोनदा थांबून. जनरेटर बॉयलर ओढत होता, कूलर ओढत होता आणि म्हातारीचा श्वासही ओढत होता. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

तर मायबापहो, भक्ती करा, पोटभर करा. ती करायला कुणाची ना नाही. पण जो कुणी 'हात लावू नका, विचारू नका, नाहीतर तुमचं माणूस मरेल' असं म्हणतो, तो देवाचा माणूस नव्हे. त्यालाच आधी विचारा. थेंब पडला तर पाया पडण्याआधी वाकून बघा, तो कुठून गळतोय. आणि मग तिथं पाना लावा.