अवसेची चिंबोरी

"चित्र छान आहे गं, पण हे तुझं नाही," अबोली म्हणाली आणि माझं टाळकंच सटकलं.

सकाळपासून मुलुंडला तिच्या हॉलमध्ये बसून रंगवत होते, आणि म्हणे माझं नाही! अबोली माझी कॉलेजातली मैत्रीण. घरीच टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य बघते. लोक येतात, पत्ता उचलतात, मन मोकळं करून जातात. आता तिला स्वतःचा पत्त्यांचा संच छापायचाय, आणि चित्रं माधुरीनेच, म्हणजे मीच काढायची, हा तिचा हट्ट. मी घाटकोपरला लग्नपत्रिकांची डिझाइनं करते. पार्टी मोबाइल पुढे करते, "मॅडम, सेम असंच हवं." मी सेम असंच देते. तोच गणपती, तीच सनई, तेच केळीचे खांब. दुसऱ्यांचं गिरवून गिरवून माझ्यात माझं काही उरलंय का, हेच कळेनासं झालं होतं. म्हणून तर हे काम मला हवं होतं. अगदी जीव अडकला होता त्यात.

"मग दे ना दुसऱ्या कुणाला!" मी ब्रश आपटला.

"देईन की. आधी एक पत्ता उचल." ही बाई कधी चिडत नाही, त्याचाच जास्त राग येतो. "भविष्य नाही सांगत. नुसतं बघ."

तिच्या जुन्या संचातून मी चंद्राचा पत्ता उचलला. वर पूर्ण चंद्र, दोन बाजूंना दोन बुरूज, खाली भुंकणारी दोन कुत्री, आणि पाण्यातून नांग्या उगारत वर येणारा खेकडा, आमच्या भाषेत चिंबोरी. बघत राहिले. पोटात अबोलीची गरम खिचडी, वर पंखा. कधी डोळा लागला कळलंच नाही.

बुरूज हळूहळू उंच झाले आणि त्यांच्या चिमण्या झाल्या. एकीच्या टोकाला ज्योत. अरे, हे तर माहुल! आम्ही लहानपणी राहायचो तिथे, पप्पा तिथल्या रिफायनरीत होते तेव्हा. कुत्री पप्पांच्या सायकलमागे धावत होती आणि सायकल पाण्यावरून चालली होती. ओहोटीचा चिखल चांदण्यात चमकत होता. चिंबोऱ्या विकणाऱ्या मालनमावशीच्या पाटीशी आई उभी होती, इतकी उंच की ज्योत तिच्या अंबाड्याला लागेल असं वाटलं. एक चिंबोरी माझ्या पायाशी येऊन थांबली. मी उचलली. तिला वजनच नव्हतं.

"पुनवेची हाय," आई मागे न बघता म्हणाली. "पोकळ. ठेव खाली."

"पोकळ आहे ही!" मी ओरडतच उठले.

अबोलीच्या हातातला चहा सांडला. "काय पोकळ?"

"चिंबोरी! पौर्णिमेला तिच्यात मांसच नसतं, नुसतं कवच. माहुलचं शेंबडं पोरही सांगेल. भरलेली हवी तर अवसेला घ्यायची."

"मी शाकाहारी बाई, मला काय ठाऊक! मग तुझ्या पत्त्यात काय असेल?"

माहुल मी कधी चित्रात घेतलंच नव्हतं. तिथे काय आहे काढण्यासारखं, असंच वाटायचं. मग कागद ओढला आणि संध्याकाळ होईपर्यंत मान वर केली नाही. काळं आभाळ, दोन चिमण्या, एकीच्या टोकाला ज्योत, तिच्या उजेडात कुत्री आणि चिखल, चिखलातून वर येणारी चिंबोरी.

"चंद्राच्या पत्त्यात चंद्रच नाही?" अबोलीने विचारलं.

"आहे. अवस आहे, म्हणून दिसत नाही."

तिने जुना चंद्राचा पत्ता संचात परत ठेवला. मग म्हणाली, "बाकीचे पण तूच काढ."

घरी आले आणि चित्र आईपुढे ठेवलं. टॅरो म्हणजे काय ते तिला माहीत नाही, मीही सांगितलं नाही. तिने चष्मा लावला. चिमण्या बघितल्या, कुत्री बघितली. मग बाजारात दाबून बघायची तसा अंगठा तिने कागदावरच्या चिंबोरीच्या पोटावर ठेवला आणि दाबला.

"भरलेली हाय," आई म्हणाली.

मला एकदम रडूच फुटलं.