डाव्या बाजूचा माणूस

गुरुबसवप्पांनी डावा स्पीकर छातीशी कवटाळून वीतभर उचलला आणि दातओठ खात बायकोला म्हणाले,

“सरकव आता. हळू. आणखी आत.”

नेत्रावतीने शहाबादी फरशीचा तुकडा दोन्ही हातांनी स्पीकरखाली रेटला.

“पोटच्या मंजुनाथला कधी असं छातीशी धरलं न्हाई तुम्ही,” ती म्हणाली.

“तो कुठं इटलीचा होता?”

स्पीकर पितळेच्या तीन टोकांवर फरशीवर उभा राहिला. गुरुबसवप्पांनी गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ त्याच्या डोक्यावर ठेवली, बुडबुडा मधोमध आला तेव्हा कुठे श्वास सोडला. उजव्या स्पीकरखालची फरशी सकाळीच बसली होती. बासष्टाव्या वर्षी कमरेचं काय व्हायचं ते होवो, पण आवाज जमिनीत मुरता कामा नये, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

गेल्या दसऱ्याला त्यांनी चिटगुप्प्याची डाळमिल मुलाच्या, मंजुनाथच्या हाती दिली आणि हैदराबादेहून हे दोन इटालियन स्पीकर आणले. गावात कुणी किंमत विचारली तर सांगत नसत. सांगत ती लाकडाची गोष्ट. सोबतच्या माहितीपुस्तकात एका म्हाताऱ्याचा फोटो होता. कमरेला चामडं गुंडाळून तो अक्रोडाच्या फळीवर हात फिरवत होता. फळी सात वर्षं वाळवतात, मगच तिला करवत लावतात, असं फोटोखाली लिहिलेलं. सात वर्षं! इथे तुरीला आठ दिवस ऊन दाखवा म्हटलं तर लोक तिसऱ्या दिवशी पोत्यांची तोंडं शिवतात. जो माणूस लाकूड वाळायची एवढी वाट बघतो तो खोटं बोलणार नाही, आणि त्याने घडवलेली वस्तूही बोलणार नाही, असं गुरुबसवप्पांनी ठरवून टाकलं. त्यांचा आयुष्यभराचा धंदाच ओल आणि वाळ ओळखण्याचा. मुठीतल्या तुरीच्या आवाजावरून ती किती वाळलीय ते सांगणारा त्यांचा कान तालुक्यात नावाजलेला. मंजुनाथने मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आणलं तरी म्हातारे शेतकरी अजून नमुना घेऊन घरीच यायचे.

स्पीकर आले आणि पाठोपाठ सुधारणांचं खूळ आलं. अंगणात खड्डा खणून, मीठ आणि कोळसा भरून कॅसेट वाजवायच्या मशीनसाठी वेगळी अर्थिंग झाली. मग स्पीकरच्या तारा जमिनीला टेकता कामा नयेत असं निघालं. तेव्हा जुन्या वायरिंगमधले चिनी मातीचे गट्टू आणून दिले ते व्यंकटने. व्यंकट त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. बाजारात त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकली जात. मग पितळेची टोकं आली आणि आज ही फरशी. नेत्रावतीला यातल्या कशानेच काही फरक पडलेला ऐकू येत नसे आणि ती तसं तोंडावर सांगे.

गुरुबसवप्पांना फरक ऐकू आला होता. एकाच कॅसेटमध्ये.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, माघात, गुलबर्ग्याच्या रेडिओला पाठवण्यासाठी नेत्रावतीने घरीच स्वतःच्या आवाजात शिवशरणांची वचनं गाऊन भरून घेतली होती. टेप व्यंकटच्या दुकानातला, दोन माइकांचा. कॅसेटवर तिच्या कानडी अक्षरात महिना आणि ‘रेडिओ’ असं लिहिलेलं होतं. ती पाठवायची राहूनच गेली. “आळस हिचा, दुसरं काय,” असं गुरुबसवप्पा पाहुण्यांत हसून सांगायचे, आणि नेमकं तेव्हाच नेत्रावतीला आत चहा बघायचा असायचा. त्यानंतर ती कधी गायली नाही.

अर्थिंग झाली त्या दिवशी कॅसेटची खरखर कमी झाली आणि गाण्यामागे काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं. तारा उचलल्यावर कळलं, घासणं नव्हे, कुणीतरी काहीतरी हलवतंय, आणि तेही डाव्या बाजूला. पितळेची टोकं बसली तेव्हा पहिल्यांदा हुंकार ऐकू आला. पुरुषाचा.

आज फरशीवर तो माणूस अगदी जवळ येऊन बसला. नेत्रावतीच्या तरुण आवाजापासून हातभर अंतरावर. तीनदा काहीतरी हलवायचा, थांबायचा, आणि मग म्हणायचा, हं. पुन्हा तीनदा. पुन्हा हं.

गुरुबसवप्पांनी कॅसेट थांबवली.

“हे कोण हाय?”

“कोण?” नेत्रावती स्पीकरवरची धूळ पुसत होती.

“तुझ्या शेजारी. गडीमाणूस बसलाय कुणीतरी.”

तिचा हात थांबला. थट्टा आहे की खरंच विचारतायत हे बघावं तशी ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुम्हाला ओळखू येईना?”

“आलं असतं तर विचारलं असतं कामून?”

“मग ऐका अजून,” ती म्हणाली. “एवढं इटलीहून आणलंय.”

फडकं खांद्यावर टाकून ती आत गेली.

ओळखू येईना? म्हणजे ओळखीचा होता. ते स्वतः तर नव्हतेच. माघ म्हणजे तुरीचा हंगाम, त्या दिवसांत ते मिलवरच जेवत आणि पोत्यांवरच झोपत. हे त्यांनी विभूतीवर हात ठेवून सांगितलं असतं. सासऱ्यांना गाण्याचं वावडं. राहिला तो टेप घेऊन आलेला माणूस.

गुरुबसवप्पांना भीती वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण आली ती भीतीच. मिल गेली, गुडघे गेले, मित्र एकेक करून मुलांकडे पुण्याला नाहीतर बंगळूरला गेले. ही एक बाई आणि तो एक व्यंकट, एवढंच उरलं होतं. आणि इटलीच्या त्या म्हाताऱ्याची पेटी सांगत होती की दोघांनी मिळून तीसेक वर्षं काहीतरी झाकून ठेवलंय.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “व्यंकट थांबला होता का गं, कॅसेट भरताना?”

“न्हाई. बटणं दाखवली आन् गेले. दुकान उघडं टाकून आले होते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकट आला, तेव्हा तोच प्रश्न त्यांनी त्यालाही विचारला.

“न्हाई रे, मी कुठला थांबतोय. बटणं दाखवली आन् पळालो. दुकान उघडं होतं ना.”

तेच शब्द, त्याच क्रमाने. साक्षीदार पढवून आणावेत तसे. व्यंकट मात्र फरशीकडे कौतुकाने बघत होता आणि बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता. ही त्याची जुनी खोड.

“इथं बस,” गुरुबसवप्पा म्हणाले. “डाव्या बाजूला.”

“डाव्या कामून?”

“बस की.”

त्यांनी कॅसेट लावली आणि स्वतः समोर बसले. नेत्रावतीचा तेवीस वर्षांचा आवाज खोलीभर पसरला. गुरुबसवप्पांनी गाणं ऐकलंच नाही. ते व्यंकटचा चेहरा वाचत होते. तीनदा ते हलवणं आलं, हुंकार आला. व्यंकटने मान डोलावली.

“काय गायच्या रे वैनी!”

“त्या किल्ल्या वाजव.”

“आं?”

“वाजव जरा.”

व्यंकटने जुडगा हलवला. लोखंड खणखणलं. कॅसेटमधला आवाज याहून भरीव होता, दबलेला.

“मुठीत धरून वाजव.”

“अरे, वेड लागलंय का तुला? किल्ल्यांनाबी इटलीचं काही बसवायचंय का?” व्यंकट हसला, पण दोस्ताचं ऐकायची सवय म्हणून त्याने जुडगा मुठीत धरून हलवला. आवाज जुळत नव्हता. गुरुबसवप्पांचं समाधान झालं नाही. इतक्या वर्षांत माणूस किल्ल्या बदलू शकतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि असलं काही मनात येतंय याची त्यांना लाजही वाटली.

“अप्पा, हाय का घरात?”

दारात हळ्ळीखेडचा हरिबा उभा होता, खांद्यावरच्या टॉवेलच्या गाठीत तुरीचा नमुना घेऊन. पाहुणे बघून तो उंबऱ्यापाशीच बसला आणि त्याने गाठ सोडली. आत कॅसेट चालूच होती. गुरुबसवप्पा उठले, नजर व्यंकटवरून न हलवता वाकले आणि हाताला आली तेवढी तूर मुठीत घेतली. मूठ आपसूक कानाशी गेली. तीनदा हलवली.

स्पीकरमधूनही तीनदा तेच वाजलं.

मूठ कानाशीच राहिली. त्यांच्या नाकातून नेहमीचा हुंकार निघाला होता, आणि डाव्या स्पीकरमधला माणूस त्यांच्या मागोमाग म्हणाला, हं.

व्यंकटने किल्ल्या मांडीवर ठेवल्या. चहाचा ट्रे घेऊन नेत्रावती आतल्या दारात उभी होती. ती कधी आली होती कुणास ठाऊक.

“तू होतास व्हय,” व्यंकट हळू आवाजात म्हणाला. “तरीच. मी पुन्ना टेप आणून देतो म्हणलं होतं वैनीला, दुसऱ्यांदा भरू. नक्को म्हणाल्या. कामून ते सांगितलं न्हाई.”

“मी?” गुरुबसवप्पांनी बायकोकडे बघितलं. “मी कवा आलो होतो?”

“जेवायला आला होता तुम्ही. त्या महिन्यात एकदाच आला.” नेत्रावतीने ट्रे स्टुलावर ठेवला. “मी म्हणलं, दहा मिनिटं बसा, गायचंय. बसलात. खिशात कुणाचातरी नमुना होता.”

“मग थांबवलं कामून न्हाईस मला?”

“डोळे मिटले होते तुम्ही. मला वाटलं, ऐकायलात. ताल धरलाय.”

खोलीत तिचंच गाणं चालू होतं. गुरुबसवप्पांना त्यातला एक शब्दही आठवत नव्हता, ना ती दुपार, ना ते बसणं. कुणाची तूर होती तेही आठवत नव्हतं.

“मग?” त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं.

“मग काय? गाणं संपलं, तुम्ही डोळे उघडले. म्हणालात, अजून दोन दिवस ऊन पाहिजे.” तिने एक कप व्यंकटच्या हातात दिला. “तसली कॅसेट रेडिओला कशी पाठवू?”

व्यंकट कपात बघत राहिला. पाहुण्यांसमोर हसून तो आळस आपण किती वेळा सांगितला होता, याचा हिशेब गुरुबसवप्पांना लागेना. डाव्या बाजूचा माणूस स्पीकरमध्ये पुन्हा मूठ हलवत होता, आणि त्याला गप्प करायचा काही उपाय इटलीतही नव्हता.

हरिबाला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला घरी जायची घाई होती.

“वाळलीया का, अप्पा?”

गुरुबसवप्पा मूठ आवळून उभे होते. एकही दाणा दुसऱ्यावर आपटू नये म्हणून त्यांनी बोटं इतकी घट्ट मिटली होती की नखं पांढरी पडली होती.

नेत्रावतीने वाकून हरिबाच्या पुढ्यात चहा ठेवला.

“वाजवा की,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता कुठं कॅसेट भरून घ्यायचीय.”